त्रिसरण-पंचशील : अर्थ, उच्चार आणि उपयोग

पौर्णिमेची वंदना असो, बाळाचे नामकरण असो, गृहप्रवेश असो की घरातील दिवंगत व्यक्तीचे पुण्यानुमोदन, बौद्ध कुटुंबातील कार्यक्रमाची सुरुवात त्रिसरण-पंचशीलाने होते. पहिलीत जाणाऱ्या मुलालाही ते तोंडपाठ असते. पण कार्यक्रमाला आलेल्या एखाद्या शेजाऱ्याने सहज विचारले की, "तुमच्या या मंत्राचा अर्थ काय हो?" तर घरातली माणसे एकमेकांकडे पाहतात. कुणीतरी सांगते, "बुद्धाला शरण जातो, असा." शेजारी म्हणतो, "म्हणजे आम्ही देवाला शरण जातो तसंच की!" आणि उत्तर तिथेच अडते.

या लेखात त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न आहे. त्रिसरण आले कुठून, त्यातील शब्दांचा अर्थ काय, ते कधी आणि कसे म्हणावे, इतर धर्मांतील मंत्रांपेक्षा ते वेगळे कसे, हे येथे क्रमाने पाहू. मूळ पाली ओळी वाचकांना पाठ आहेत, म्हणून त्या पुन्हा दिलेल्या नाहीत. त्यातील शब्द मात्र एकेक करून उलगडले आहेत.

हा विषय शाहूपुरीत बसून मांडण्यालाही कारण आहे. कोल्हापूर रेल्वे स्थानकाजवळची ही पेठ राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली व्यापारासाठी वसवली. गुळाच्या बाजारपेठेने तिचे नाव सर्वदूर गेले. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी याच शहरात, पंचगंगेच्या काठावर, कोणासाठी कोणता मंत्र म्हणायचा यावरून वाद पेटला आणि त्याने पुढे सगळा महाराष्ट्र ढवळून निघाला. त्रिसरणाचे मोल समजून घ्यायचे तर आधी तो वाद आठवावा लागतो.

मंत्र म्हणजे काय?

'मंत्र' या शब्दाचे मूळ 'मन्' म्हणजे विचार करणे या धातूत आहे. ज्याच्या साहाय्याने मनन होते तो मंत्र. भारतातील जवळजवळ प्रत्येक धर्मपरंपरेत असे पवित्र उच्चार आहेत, पण त्यांच्याकडून असलेली अपेक्षा एकसारखी नाही.

वैदिक परंपरेत मंत्राचे सामर्थ्य त्याच्या ध्वनीत मानले गेले. स्वर चुकला तर फळ चुकते, अशी श्रद्धा होती. त्यामुळे पाठांतराची अत्यंत काटेकोर पद्धत उभी राहिली आणि तिने हजारो वर्षे मजकूर जपला, हे मान्य केले पाहिजे. पण त्याच परंपरेने मंत्राला 'अधिकार' जोडला. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातील गायत्री मंत्र उपनयनात दिला जाई. उपनयन तीन वर्णांतील पुरुषांचे. शूद्रांना, अतिशूद्रांना आणि रूढ काळात स्त्रियांना तो उच्चारण्याचा अधिकार नव्हता.

जैनांचा णमोकार मंत्र प्राकृतात आहे. अरिहंत, सिद्ध, आचार्य, उपाध्याय आणि साधू या पाचांना त्यात नमन आहे. त्यात कोणा एका व्यक्तीचे नाव नाही आणि कसली मागणीही नाही. कोल्हापूर परिसरात जैन समाज मोठा असल्याने तो आपल्या कानांवरून गेलेला असतो. वारकऱ्यांच्या नामस्मरणाने मंत्राला बोलीच्या जवळ आणले आणि तो सर्व जातींना खुला केला. शिखांचा मूलमंत्र गुरू ग्रंथ साहिबच्या आरंभी आहे आणि एकच परमतत्त्व असल्याचे तो सांगतो.

बौद्धांतही मंत्र आहेत. हिवाळ्यात आपल्याकडच्या शहरांत स्वेटर विकायला येणाऱ्या तिबेटी माणसांच्या हातात माळ दिसते. बहुधा ते अवलोकितेश्वराचा सहा अक्षरी मंत्र जपत असतात. महायान आणि वज्रयान परंपरेत करुणेचे ध्यान म्हणून त्या जपाला मोठे स्थान आहे.

त्रिसरण या यादीत नेमके कुठे बसते? उच्चार म्हणून ते पवित्र आहेच. पण त्याचे सामर्थ्य ध्वनीत मानलेले नाही, त्याला अधिकार लागत नाही आणि त्यात काही मागितलेले नाही. म्हणणाऱ्याने स्वतःविषयी केलेले ते विधान आहे. म्हणून काटेकोर अर्थाने त्रिसरणाला मंत्र म्हणता येत नाही.

कोल्हापूर आणि मंत्राचा अधिकार

१८९९ सालच्या कार्तिक महिन्यात शाहू महाराज पंचगंगेवर स्नानासाठी जात. स्नानाच्या वेळी पुरोहित वेदोक्त मंत्र न म्हणता पुराणोक्त मंत्र म्हणत आहे, ही गोष्ट सोबत असलेले संस्कृत पंडित राजारामशास्त्री भागवत यांनी महाराजांच्या लक्षात आणून दिली. विचारणा झाली तेव्हा शूद्रांसाठी पुराणोक्तच चालते, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. छत्रपतींच्या गादीवर बसलेल्या राजाला त्याच्याच राज्यातील, त्याच्याच पगारी पुरोहिताने दिलेले हे उत्तर होते.

यातून वेदोक्त प्रकरण उभे राहिले. राजोपाध्यांनी राजवाड्यातील धर्मकृत्ये वेदोक्त पद्धतीने करण्यास नकार दिला. १९०२ मध्ये महाराजांनी त्यांची इनामे जप्त केली. दाद मागण्यासाठी प्रकरण इंग्रज सरकारपर्यंत गेले आणि तेथेही महाराजांचाच निर्णय कायम राहिला. 'केसरी'ने या वादात सनातनी बाजू उचलून धरली होती. त्याच वर्षी, २६ जुलै १९०२ रोजी, महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. मंत्राचा वाद आणि नोकरीचा हुकूम या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडून पाहता येत नाहीत. ज्ञानावरची आणि सत्तेवरची मक्तेदारी एकच आहे, हे महाराजांना पंचगंगेच्या घाटावर कळले होते.

पुढे २१ आणि २२ मार्च १९२० रोजी कोल्हापूरजवळच्या माणगावात अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते तरुण भीमराव आंबेडकर. शाहू महाराज स्वतः तिथे आले आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, असे त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितले.

येथे एक फरक नीट समजून घ्यावा. वेदोक्ताचा लढा अधिकार मिळवण्याचा होता. मंत्र तोच, पुरोहित तोच, फक्त तो आमच्यासाठीही म्हटला जावा, ही मागणी. त्या काळात ती क्रांतिकारक होती. बाबासाहेबांनी पुढे जो मार्ग घेतला त्यात असा प्रश्नच उरला नाही. जिथे उच्चारालाच अधिकार लागत नाही अशा धम्माकडे ते वळले.

उगम : दोन व्यापारी आणि एक बाप

त्रिसरणाचा उगम विनयपिटकातील महावग्गात सांगितला आहे. संबोधी प्राप्त झाल्यानंतर काही आठवड्यांनी तपुस्स आणि भल्लिक नावाचे दोन व्यापारी उक्कल देशाहून गाड्या घेऊन त्या वाटेने चालले होते. त्यांनी तथागतांना सातूचे पीठ आणि मधाचे लाडू अर्पण केले आणि ते उपासक झाले. तेव्हा संघ स्थापन झालेला नव्हता. म्हणून त्यांनी बुद्ध आणि धम्म या दोघांचेच सरण घेतले. पाली साहित्यात त्यांना 'द्वेवाचिक', म्हणजे दोन वचने उच्चारणारे, असे म्हटले आहे.

गुळाच्या गाड्या पाहिलेल्या आमच्या पेठेला हे वाचून आपलेपणा वाटावा. बुद्धाचे पहिले दोन उपासक राजे नव्हते, पंडित नव्हते, वाटेवरचे व्यापारी होते.

तीन वचनांनी सरण घेणारा पहिला माणूस म्हणजे वाराणसीच्या यशाचा पिता. मुलगा घर सोडून गेला म्हणून हा श्रेष्ठी त्याला शोधत इसिपतनला आला आणि उपदेश ऐकून त्याने बुद्ध, धम्म आणि संघ या तिन्हींचे सरण घेतले. त्यानंतर यशाची आई आणि पत्नी यांनीही तेच केले. तीन वचनांच्या पहिल्या उपासिका त्याच. म्हणजे त्रिसरणाच्या अगदी सुरुवातीलाच स्त्रियांनी ते स्वतःच्या तोंडाने उच्चारलेले आहे.

पुढे भिक्खू गावोगाव फिरू लागले, तेव्हा तथागतांनी त्यांना त्रिसरण देऊन प्रव्रज्या आणि उपसंपदा देण्याची परवानगी दिली. नंतर उपसंपदेसाठी संघासमोर ठराव मांडून तीनदा घोषणा करण्याची पद्धत आली, पण श्रामणेर होण्यासाठी त्रिसरण आजही लागते. खुद्दकपाठ या ग्रंथाचा आरंभच त्रिसरणाने होतो.

शिलालेखांतही याचा पुरावा आहे. राजस्थानातील बैराट येथे मिळालेल्या सम्राट अशोकाच्या लेखात बुद्ध, धम्म आणि संघ या तिघांविषयीचा आदर राजाने संघाला उद्देशून व्यक्त केला आहे. म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ही त्रयी पक्की झाली होती. आपल्या सह्याद्रीतील लेण्यांत दान देणाऱ्यांची नावे पाहिली तर हा धम्म कोणाकोणाचा होता हे कळते. कार्ले येथे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे नाव आहे, सुताराचे नाव आहे, यवनांची नावे आहेत. कोल्हापूरच्या माणसाला फार लांबही जायला नको. जोतिबा डोंगराजवळ पोहाळ्याची लेणी आहेत.

शब्दांचा अर्थ

त्रिसरणाचे प्रत्येक वचन तीन शब्दांचे आहे. पहिला शब्द बदलतो, पुढचे दोन तसेच राहतात.

*बुद्ध* : जागा झालेला, ज्याला बोध झाला आहे तो. येथे सिद्धार्थ गौतम हा ऐतिहासिक माणूस आणि त्याने गाठलेली अवस्था, दोन्ही अभिप्रेत आहेत. तो देव नाही, देवाचा अवतार नाही, प्रेषित नाही.

*धम्म* : बुद्धाने सांगितलेला मार्ग. तो ऐकून, तपासून, आचरून पाहायचा असतो. वंदनेत धम्माचे जे सहा गुण म्हटले जातात त्यांतील 'एहिपस्सिको' या गुणाचा अर्थच 'या आणि पाहा' असा होतो.

*संघ* : त्या मार्गावर चालणाऱ्यांचा समुदाय. वंदनेत ज्या संघाचे नऊ गुण सांगितले आहेत तो आर्यसंघ, म्हणजे मार्गावर प्रत्यक्ष प्रगती केलेले लोक. एखादी संघटना किंवा तिचे पदाधिकारी असा त्याचा अर्थ नाही.

*सरणं* : बहुतेक गोंधळ याच शब्दापाशी होतो. आजच्या मराठीत 'शरण येणे' म्हणजे हार पत्करणे. शत्रू शरण येतो, गुन्हेगार पोलिसांना शरण येतो. पाली 'सरण' चा अर्थ तसा नाही. सरण म्हणजे आसरा, निवारा, संरक्षणाची जागा. वळवाचा पाऊस आला की माणूस छपराखाली जातो, तेव्हा तो छपराला हार जात नाही. धम्मपदात १८८ ते १९२ या गाथांत हाच विषय आहे. भ्यालेली माणसे डोंगर, वने, झाडे यांचा आसरा घेतात, पण तो खरा आसरा नव्हे. दुःख, त्याचे कारण, त्याचा अंत आणि त्या अंताकडे नेणारा मार्ग ज्याला समजतो, त्याला खरा आसरा मिळतो, असा त्यांचा आशय. महापरिनिब्बान सुत्तात तर तथागतांनी भिक्खूंना स्वतःच स्वतःचा आसरा व्हा, असे सांगितले आहे.

*गच्छामि* : 'मी जातो' किंवा 'मी जाते'. प्रथमपुरुष, एकवचन, वर्तमानकाळ. 'मला ने' अशी विनंती येथे नाही, 'मला मिळो' अशी इच्छा नाही. चालणे माझे आहे.

या एकवचनाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. शेकडो, हजारो लोक एका आवाजात म्हणत असले तरी वचनात 'आम्ही' येत नाही. आधीच्या याचनेत अनेकांसाठी 'मयं' असे अनेकवचन वापरता येते, पण सरणाचे वचन येताच प्रत्येकजण 'मी' वर येतो. आई मुलासाठी जाऊ शकत नाही, नवरा बायकोसाठी जाऊ शकत नाही आणि बौद्धाचार्य यजमानासाठी जाऊ शकत नाही. खरे तर येथे यजमानच नसतो.

तीनदा का म्हणायचे? 'दुतियम्पि' म्हणजे दुसऱ्यांदाही, 'ततियम्पि' म्हणजे तिसऱ्यांदाही. विनयात महत्त्वाचे ठराव तीनदा जाहीर केले जातात, त्यामागे कुणाचा विरोध असेल तर तो पुढे यावा हा हेतू असतो. आपल्यापुरते इतके लक्षात ठेवले तरी पुरे की एकदा म्हटलेले तोंडातून निघून जाते, दुसऱ्यांदा ते कानावर पडते आणि तिसऱ्यांदा मनाला विचारता येते की, हे मला खरोखर मान्य आहे ना?

पंचशील

सरण घेतले की शील येते, कारण जायचे म्हणजे चालणे आले. प्रत्येक शीलाच्या शेवटी तीन शब्द येतात. 'वेरमणी' म्हणजे अलिप्त राहणे, 'सिक्खापदं' म्हणजे शिकवणीचा नियम, 'समादियामि' म्हणजे मी स्वीकारतो. हत्या करू नकोस, अशी आज्ञा येथे कोणी देत नाही. हत्येपासून अलिप्त राहण्याचा नियम मी शिकण्यासाठी स्वीकारतो, असे म्हणणारा स्वतःच सांगतो. शिकणाऱ्याच्या हातून चूक होऊ शकते. ती झाली तर पुन्हा शील घेता येते. पाप लागेल या भीतीला येथे जागा नाही, पण पळवाटही नाही.

पाच शिले अशी : जीवहत्येपासून, न दिलेले घेण्यापासून, कामवासनेतील दुराचारापासून, खोटे बोलण्यापासून आणि मद्य व इतर मादक पदार्थांपासून अलिप्त राहणे.

दुसऱ्या शीलात 'चोरी' ऐवजी 'अदिन्न', म्हणजे जे दिलेले नाही ते, असा शब्द आहे. त्यामुळे त्याची व्याप्ती वाढते. काट्यात मारलेले माप, थकवलेली मजुरी, बुडवलेली उधारी हे सगळे त्यात येते. व्यापारी पेठेत राहणाऱ्याने हे शील स्वतःला रोज विचारावे असे आहे. उपासकाने कोणते व्यापार करू नयेत हेही अंगुत्तर निकायात सांगितले आहे : शस्त्रे, जिवंत प्राणी, मांस, मद्य आणि विष.

पाचव्या शीलात नशेला 'पमादट्ठान', म्हणजे बेसावधपणाचे ठिकाण, म्हटले आहे. जागृत झालेल्याचा आसरा घ्यायचा आणि स्वतः शुद्ध हरपून बसायचे, हे दोन्ही एकत्र नांदू शकत नाही. जयंतीच्या मिरवणुकीत पाचव्या शीलाचे काय होते, हे आपण सगळे पाहतो. त्याबद्दल दुसऱ्या कोणाला दोष देण्यात अर्थ नाही.

नागपूर, १९५६

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात कुशीनाराचे भदन्त चंद्रमणी महास्थविर यांच्याकडून बाबासाहेब आणि माईसाहेब आंबेडकर यांनी त्रिसरण-पंचशील ग्रहण केले. त्यानंतर बाबासाहेबांनी समोर उभ्या असलेल्या लाखो लोकांना स्वतः दीक्षा दिली आणि २२ प्रतिज्ञा दिल्या. १६ ऑक्टोबरला चंद्रपुरातही दीक्षा समारंभ झाला.

एका गृहस्थाने लाखो लोकांना धम्मदीक्षा द्यावी, ही घटना धम्माच्या इतिहासात असाधारण होती. आणि ज्यांच्या पूर्वजांना वेदाचा शब्द ऐकण्याचीही बंदी होती, त्या माणसांनी त्या दिवशी भारताच्या एका प्राचीन भाषेतील वचने स्वतःच्या तोंडाने, उभ्या मैदानात, मोठ्याने उच्चारली. त्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळखही नव्हती, आणि त्यासाठी त्यांना कोणाची परवानगीही घ्यावी लागली नाही.

बाबासाहेबांना केवळ पाठांतर नको होते. पालीचे व्याकरण आणि शब्दकोश यांवर त्यांनी स्वतः काम केले आणि लोकांसाठी 'बौद्ध पूजा पाठ' ही पुस्तिका तयार केली. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या समग्र लेखनाच्या १६ व्या खंडात हे सर्व साहित्य आहे. २२ प्रतिज्ञा तर लोकांच्या रोजच्या भाषेतच होत्या. शब्द समजलाच पाहिजे, हा त्यामागचा आग्रह होता.

मराठीत पालीची वाट त्याआधी धर्मानंद कोसंबी यांनी घालून दिली होती. गोव्यातील सांखवाळ या गावी जन्मलेला हा माणूस श्रीलंकेत जाऊन पाली शिकला, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ती शिकवली आणि बुद्धचरित्र मराठी वाचकाच्या हातात दिले.

कधी आणि कसे म्हणावे

वंदनेचा सर्वसाधारण क्रम असा असतो :

१. प्रथम बुद्धाला तीन वेळा नमन.
२. त्रिसरण.
३. पंचशील.
४. पुष्प, दीप, धूप यांची पूजा. फूल कोमेजते तसा देहही कोमेजणार, हे अनित्यतेचे स्मरण त्यामागे असते.
५. त्रिरत्न वंदना. त्यात बुद्धाचे नऊ, धम्माचे सहा आणि संघाचे नऊ गुण येतात.
६. प्रसंगानुसार मंगल सुत्त, रतन सुत्त किंवा करणीय मेत्त सुत्त.
७. सर्वांच्या कल्याणाची कामना आणि तीन वेळा 'साधु'.

भन्ते उपस्थित असतील तर आधी त्यांच्याकडे त्रिसरण-पंचशीलाची याचना करतात, मग ते वचन देतात आणि उपासक ते मागोमाग म्हणतात. भन्ते नसतील तर बौद्धाचार्य किंवा घरातील जाणते कोणीही पुढे म्हणू शकते. स्त्रीने पुढे म्हणण्यास कोणतीही आडकाठी नाही. रोज एकट्याने म्हणत असाल तर मूर्ती, मेणबत्ती, फुले यांपैकी काहीही नसले तरी चालते.

प्रसंग कोणताही असो, वचन तेच राहते. लग्नासाठी वेगळे आणि मृत्यूसाठी वेगळे त्रिसरण नाही.

उच्चाराविषयी

पालीत 'श' आणि 'ष' हे उच्चार नाहीत, म्हणून 'सरणं' असे म्हणावे, 'शरणं' नाही. 'गच्छामि' मधील जोडाक्षर स्पष्ट यावे. 'सिक्खापदं' चे 'शिक्षापदं' करू नये. शेवटचा अनुस्वार नाकातून येऊ द्यावा. श्रामणेर दीक्षेच्या वेळी या अनुस्वाराच्या उच्चाराबाबत थेरवाद परंपरा फार काटेकोर असते.

मात्र उपासकाचा उच्चार चुकला म्हणून त्याचे सरण वाया जात नाही. आजीच्या तोंडी 'सरनं' आले तर तिला सर्वांसमोर अडवू नये. ध्वनी चुकला की फळ चुकते, हा नियम जिथला आहे तिथेच राहू द्यावा. नंतर निवांत बसून तिला शब्द आणि अर्थ दोन्ही सांगावेत.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*मोबाइलवर त्रिसरण लावून ठेवले तर चालेल का?* ऐकण्यासाठी, शिकण्यासाठी जरूर लावावे. पण यंत्राला 'मी' नसतो. कार्यक्रमात ध्वनिफीत लावून सगळे हात जोडून गप्प उभे राहिले, तर त्रिसरण कोणीच घेतलेले नसते.

*अर्थ न समजता म्हटले तर?* लहान मूल आधी पाठ करते आणि मग समजून घेते, त्यात काही वावगे नाही. मोठ्या माणसाने मात्र वर्षानुवर्षे तिथेच थांबू नये. वर्षावासाच्या काळात रोज एक शब्द घेतला तरी तीन महिन्यांत पूर्ण वंदनेचा अर्थ घरातल्या सगळ्यांना कळू शकतो.

*नवस म्हणून, अडचण दूर व्हावी म्हणून १०८ वेळा म्हणावे का?* त्रिसरणात मागणी नाही, त्यामुळे ते पुरवणाराही कोणी नाही. मन अस्थिर असताना शांतपणे म्हटल्याने धीर येतो, हा अनुभव अनेकांना आहे आणि तो खोटा नाही. तो धीर आपल्याच मनाला मिळालेल्या दिशेचा असतो.

*दुसऱ्या धर्माचा माणूस म्हणू शकतो का?* म्हणू शकतो. कोणालाही बंदी नाही. फक्त त्याला अर्थ आधी सांगावा, म्हणजे काय स्वीकारतो आहोत हे त्याला कळेल.

शेवटी

शाहूपुरीतून चालत निघाले तर बिंदू चौक फार दूर नाही. तिथे महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे शेजारी शेजारी उभे आहेत. भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने ९ डिसेंबर १९५० रोजी, म्हणजे बाबासाहेबांच्या हयातीतच, ते बसवले गेले. तिथून पुढे पंचगंगेचा घाट आहे, जिथे एका राजाला तुझा मंत्र वेगळा असे सांगितले गेले.

त्या घाटावर मंत्र पुरोहिताच्या तोंडी होता आणि ज्याच्यासाठी तो म्हटला जात होता तो गप्प उभा होता. नागपुरात प्रत्येकाने स्वतःच्या तोंडाने म्हटले. आज आपल्या घरच्या कार्यक्रमांत अनेकदा असे दिसते की बौद्धाचार्य माइकवर म्हणतात, दोन-चार जण पुटपुटतात आणि बाकीचे मागे खुर्च्यांवर गप्पा मारत जेवणाची वाट पाहतात. पुरोहित नको म्हणून आपण इतका मोठा निर्णय घेतला आणि हळूहळू पुन्हा 'तुम्ही म्हणा, आम्ही ऐकतो' या जागी येत चाललो आहोत. कोणी आपल्याकडून हक्क हिरावून घेतलेला नाही. आपणच तो दुसऱ्याच्या हाती देत आहोत.

यावर उपाय सोपा आहे आणि त्याला खर्च नाही. पुढच्या वंदनेआधी पाच मिनिटे काढा. घरातल्या मुलामुलींना जवळ घ्या आणि 'सरण' म्हणजे आसरा, 'गच्छामि' म्हणजे मी जातो, मी जाते, एवढेच सांगा. मग सगळ्यांनी मिळून, सावकाश, स्वतःच्या आवाजात म्हणा. आणि पुढच्या वेळी शेजाऱ्याने अर्थ विचारला, तर उत्तर घरातल्या सर्वांत लहान मुलीला देऊ द्या.

नमो बुद्धाय. जय भीम.